ठासून आणि ठणकावून

या आठवड्यात 'छातीठोक' या शब्दावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. मधेच सिंधुदुर्गातल्या मसुऱ्याहून एका आजींचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. 'ठासून सांगणे' आणि 'ठणकावून सांगणे' ही जोडी मी गेल्या लेखात एका ओळीत उरकली होती. आजी लिहितात, "दोन्ही एकच कशी? आमचे वडील म्हणायचे, दारू बरी ठासल्याशिवाय बार लागना नाय. त्यात आवाज खंय इलो?"

आजींचं बरोबर आहे. ठणकावण्यात आवाज आहे. 'ठण' हा धातूचा नाद. जुने लोक रुपया दगडावर वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. ठणकावून सांगणारा समोरच्याच्या कानात असा नाद उठवतो.

ठासण्याला आवाज नाही. ठासणे म्हणजे दाबून, गच्च भरणे. हिंदीतलं ठूँसना, गुजरातीतलं ठांसवुं ही त्याचीच भावंडं. पोत्यात भात ठासतात, गादीत कापूस ठासतात. पण कोकणात हे क्रियापद ऐकलं की आधी डोळ्यांपुढे येते ती ठासणीची बंदूक. वानर-डुकरांपासून शेती राखायला सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत ती परवान्याने आजही आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, आणि गजाने दाबत जायचं. दारू सैल राहिली तर पेटल्यावर तिचा जोर नळीत कोंडत नाही, बाजूने निसटतो. बार फुसका जातो. तोफेचंही तेच. मसुऱ्याचा भरतगड सावंतांचा, खाडीपलीकडचा भगवंतगड बावडेकरांचा. असे समोरासमोरचे गड होते तेव्हा 'तोफा ठासा' हा रोजच्या कामाचा शब्द होता. दोन्ही गड १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले. शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

'ठासून सांगणे' बंदुकीतूनच निघालं असं मी म्हणणार नाही, कारण ठासणं पोत्याचंही असतं. पण त्यातली कल्पना बंदुकीइतकी स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. बोलण्याला बळ येतं ते आत काय आणि किती घट्ट भरलंय त्यावरून. म्हणून हळू आवाजातही ठासून सांगता येतं. हळू आवाजात ठणकावता मात्र येत नाही.

याचा दाखलाही मसुऱ्यातच आहे. तिथल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर ठरत नाही, देवीच्या कौलावर ठरते. मुंबईकर चाकरमानी रेल्वेच्या तिकिटासाठी कितीही अधीर झाला, तरी कौल होईपर्यंत गावातलं कुणी तारीख ठासून सांगत नाही. कौल झाला की तोच माणूस साध्या आवाजात तारीख सांगतो आणि लाखोंची गर्दी त्या दिवशी हजर होते. आधी भरणं, मग सांगणं, हा क्रम गावाने पाळला आहे.

तेव्हा गेल्या लेखातली ती ओळ खोडून टाका. दोन्ही क्रियापदं वेगळी आहेत. बंदूक ठासण्याच्या कामातले असे आणखी शब्द तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना येत असतील. ते विचारून घ्या आणि मला कळवा. ते शब्द जाणणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.