जुन्या कुर्त्याला ईदचा रंग

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की मोहल्ल्यातल्या घरांत पेट्या आणि कपाटे उघडू लागतात. शिंप्याने तोवर नवे काम घेणे बंद केलेले असते. फितरा बाजूला काढायचा, शिरखुर्म्याचा सुका मेवा आणायचा, पोरांचे कपडे घ्यायचे. मोठ्यांच्या वाट्याला मग बहुधा कपाटातलेच येते. त्यात एखादा पांढरा कुर्ता निघतो, गेल्या ईदेला शिरखुर्मा सांडलेला. एखादी ओढणी निघते, जिचा मूळ रंग फक्त घडीच्या आत उरला आहे. कापड शाबूत, पण घालून चारचौघांत जाता येत नाही. अशा कपड्यांसाठी काही घरांत एक जुने पातेले अजून राखून ठेवलेले असते. त्यात अन्न शिजत नाही, रंग शिजतो.

ईदला कपडा कोराच हवा, असा दंडक धर्मात नाही. आंघोळ करावी, अत्तर लावावे, जवळ असेल त्यातला उत्तम कपडा घालावा, एवढीच शिकवण आहे. पैगंबर हजरत मुहम्मद आपले कपडे स्वतः सांधत, हे हजरत आयेशा यांच्या हवाल्याने सांगितले जाते. पण ईदगाहच्या वाटेवर लोक काय म्हणतील, ही धास्ती असतेच. ज्या घरात त्या वर्षी हाताला काम नव्हते, तिथे ती जास्त असते. थोरलीचा गुलाबी कुर्ता धाकटीला दिला तर ती लगेच ओळखते आणि रुसते. तोच निळ्या रंगातून जांभळा होऊन आला, की तो तिचा होतो. वारलेल्या वडिलांचा पिवळट पडलेला कुर्ता आईला कुणाला देववत नाही आणि मुलाला तसाच घालवत नाही. चहाच्या पाण्यात बुडवून बदामी केल्यावर दोघांचाही प्रश्न सुटतो.

कपडे रंगवणाऱ्याला उर्दूत रंगरेज म्हणतात. फारसी ‘रेज’ म्हणजे ओतणारा. मराठीत तोच रंगारी. दोन्ही शब्द आडनावे होऊन बसले आहेत, एक मुसलमान घरांत, दुसरे हिंदू घरांत. महाराष्ट्रातला भावसार समाज पिढ्यान्‌पिढ्या रंगाई आणि छपाईचे काम करीत आला. पुण्याच्या गणेशोत्सवाच्या इतिहासातले भाऊ रंगारी मूळचे जावळे. घराण्यात शालू रंगवण्याचा धंदा, म्हणून रंगारी. गावोगावच्या बाजारपेठेत मॅचिंग सेंटरच्या आसपास ओढणी डाय करून देणारे अजून सापडतात. शेगडीवर उकळते पाणी, शेजारी रंगांचे डबे, आणि नमुन्याचा तुकडा पाहून चिमटीने घातलेली पूड. मोजमाप सगळे नजरेत असते. ईदेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत तिथे सर्व धर्मांच्या बायका एकाच रांगेत उभ्या असतात.

घरी हे काम करायचे तर आधी कापड ओळखावे लागते, आणि नेमकी इथेच पुष्कळांची फसगत होते. शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर रंगवायला गिरण्यांत दाबाखाली सुमारे १३० अंश तापमान लागते. ते स्वयंपाकघरातल्या पातेल्याच्या आवाक्यातले नाही. पुडीवर काहीही छापलेले असो, टेरिकॉटवर रंग अर्धामुर्धाच चढणार. सुती कुर्त्याची शिलाई पॉलिएस्टर धाग्याची असेल तर तीही पूर्वीच्याच रंगाची राहते. पांढऱ्या कुर्त्यावरची कशिदाकारी तशा धाग्याची असली तर मात्र फायदाच, रंगीत जमिनीवर नक्षी उठून दिसते. कापड दोन्ही हातांनी ताणल्यावर विरत असेल तर रंगाचा खर्च करू नये. त्याचे फडके बरे.

दुसरी गोष्ट डागाची. रंग पारदर्शक असतो, भिंतीच्या रंगासारखा तो डाग बुजवत नाही, त्यात मिसळतो. पिवळ्या डागावर निळा चढवला की तिथे हिरवी झाक येणार. म्हणून डागापेक्षा गडद रंग निवडावा. हळद किंवा मेंदीच्या डागाला तपकिरी, मरून, काळा. हळदीचा डाग आधी धुऊन उन्हात टाकला तर पुष्कळ उतरतो. तेला-तुपाचा डाग मात्र साबणाने पूर्ण काढलाच पाहिजे, कारण तेलकट जागी रंग शिरत नाही आणि लपवायचा तो ठिपका उलट ठळक होतो. ब्लीचने उडालेली जागाही भोवतालपेक्षा फिकीच राहते.

एका कुर्त्याचे सुती कापड साधारण पाव किलो भरते. त्याला पाच लिटर पाणी आणि कापड मोकळे हलेल एवढे भांडे हवे. पूड थोड्या गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळून घ्यावी, नाहीतर कुर्त्यावर ठिपके उठतात. पूड नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल, हातात मोजे. कापड ओले करूनच सोडावे. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत राहावे आणि तीन-चार मोठे चमचे मीठ एकदम न घालता दोन-तीन हप्त्यांत घालावे. सुताचा धागा आणि रंग पाण्यात एकमेकांना थोडे दूर लोटतात. मीठ तो दुरावा कमी करते. ओला रंग नेहमी गडद दिसतो, वाळल्यावर एक पायरी उतरतो. रोज्यात वाफेसमोर उभे राहणे जिवावर येते, म्हणून बायका हे काम तरावीहनंतर रात्री काढतात. चाँदरातीवर मात्र टाकू नये. सावलीत वाळायला वेळ लागतो आणि त्या रात्री घरात कुणाला उसंत नसते.

पुडीचा रंग नको असेल तर इफ्तारच्या तयारीतच रंग निघतो. महिनाभर डाळिंबे सोलली जातात, भज्यांसाठी कांदे चिरले जातात, आणि साली कचऱ्यात जातात. डाळिंबाची वाळलेली साल पाव किलो कापडाला सव्वाशे ग्रॅम घेऊन तासभर उकळावी, पाणी गाळून घ्यावे. कापड आधी तुरटीच्या कोमट पाण्यात भिजवून मग या पाण्यात सोडले की सोनेरी पिवळा येतो. कांद्याच्या सालीने केशरीकडे झुकतो. डाळिंबाच्या पाण्यात चिमूटभर हिराकस टाकली तर तोच पिवळा शेवाळी-राखाडी होतो. जास्त पडली तर लोहाने कापड कमजोर होते. बोअरच्या पाण्यात लोह असले तरी रंग मळका येतो. कच्छच्या धमडका गावातल्या खत्री कारागिरांना याची मोठी किंमत मोजावी लागली. २००१च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढले, अजरखचे रंग बिघडू लागले आणि अनेक कुटुंबांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले.

रंगून झाल्यावर कपडा थंड पाण्यात, पाणी नितळ निघेपर्यंत खळबळावा. मग पांढरा रुमाल ओला करून बगलेच्या आणि गळ्याच्या जागी जोराने घासून पाहावा. ईद उन्हाळ्यात आली तर नमाजनंतर गळाभेटी घेताना घाम येतोच, आणि कच्चा रंग समोरच्याच्या कोऱ्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरतो. रुमाल रंगला तर कपडा अजून दोन पाण्यांतून काढावा आणि पहिले काही दिवस वेगळा धुवावा.