विजयेचा फुलोरा आणि वैद्याची जबाबदारी

सन २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकर शेतात गांजा लावण्याची परवानगी मागितली. शेतमालाला खात्रीचा भाव मिळत नाही, ही त्याची व्यथा होती. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर न आल्यास दुसऱ्या दिवसापासून लागवड करू, असेही त्याने कळविले होते. प्रशासनाने तो अर्ज पोलिसांकडे पाठविला. या अर्जाच्या निमित्ताने वैद्यवर्गातील एका समजुतीचा विचार करणे अगत्याचे वाटते. ती समजूत अशी : परसात विजयेचे एखादे रोप वाढवावे, पाने खुडावीत आणि फुलोऱ्यापूर्वी ते उपटून टाकावे, पान म्हणजे भांग, गांजा नव्हे, तेव्हा त्यात दोष नाही.

फुलोऱ्याची चाहूल ओळखता येते, हे खरे. विजया ही लघुदिनी वनस्पती असून दिनमान घटू लागले की तिला फुलोरा येतो. सोलापुरात सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच असतो आणि सप्टेंबरच्या मध्यास दिनमान सव्वाबारा तासांवर येते. त्या सुमारास लावलेले रोप उंची गाठण्यापूर्वीच फुलू शकते. रोप प्रौढ झाले की खोडावर समोरासमोर येणारी पाने शेंड्याकडे एकाआड एक येऊ लागतात. नंतर पेराशी, उपपर्णांजवळ लिंगभेद प्रकट होतो. नर झाडावर देठ असलेली गोल कळी दिसते, तर मादी झाडावर लहान सहपत्रातून पांढऱ्या कुक्षींची जोडी डोकावते.

ही पारख आपल्याकडे नवी नाही. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाच्या अहवालात बंगालमधील ‘पोद्दार’ नावाच्या जाणकारांचे वर्णन आहे. शेतात फिरून पराग सुटण्यापूर्वी नर झाडे हेरून काढणे, हे त्यांचे काम. तेव्हा गांजाची लागवड परवान्याने होत असे. आज स्थिती वेगळी आहे.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम २ मध्ये गांजाची व्याख्या फुललेले वा फळलेले शेंडे अशी आहे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया तीतून वगळल्या आहेत. परंतु ही सवलत काढलेल्या पानाला आहे, उभ्या झाडाला नाही. कलम ८ परवानगीविना ‘कोणत्याही’ कॅनाबिस वनस्पतीची लागवड निषिद्ध ठरविते. तेथे फुलोऱ्याची अट नाही, झाडांच्या संख्येचीही नाही. कलम २० नुसार त्यासाठी १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कुंडीतील एकच रोप, कळी येण्यापूर्वीही, वैद्याला आरोपी करू शकते.

मग फुलोऱ्याच्या ज्ञानाचा उपयोग कोठे? तो औषधालयात, कच्च्या मालाची परीक्षा करताना. आयुर्वेदीय औषधिसंहितेत विजयेचे ‘पत्र’ हेच ग्राह्य अंग सांगितले आहे. पोत्यात चिकट, एकमेकांना बिलगलेले शेंडे, तपकिरी वाळलेल्या कुक्षी वा फळधारी सहपत्रे आढळल्यास तो माल भांग म्हणून स्वीकारू नये. तेथे मादक द्रव्याचे प्रमाण पानापेक्षा अधिक असते, त्यामुळे जातीफलादि चूर्णासारख्या, विजयेचा भाग मोठा असलेल्या कल्पाची मात्रा बिघडते. अशा वेळी बाधा रुग्णाला होते आणि कायद्याची जबाबदारी आपल्यावर येते.

महाराष्ट्रात भांगेची खरेदी व साठा दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कक्षेत येतो. म्हणून परवाना, खरेदीची पावती व साठ्याची नोंदवही ही तिन्ही अद्ययावत असावीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये बिया वगळता भांगेचा समावेश असल्याने, पोटात घ्यावयाच्या अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. शोधनही टाळू नये. स्वच्छ धुऊन वाळविलेले पान गाईच्या तुपात मंदाग्नीवर परतणे ही परिचित रीत आहे.

विजया हे आपल्या शास्त्रातील मोलाचे दीपन, ग्राही व निद्राजनन द्रव्य आहे. ते आपल्या हाती राहावयाचे असेल तर परसातील रोपाचा मोह सोडून पोत्यातील पान पारखण्याची सवय लावून घेणे, हेच श्रेयस्कर.