पुढारी कोणी निवडला? – शहापूर-मुरबाडच्या अनुभवावरून

पक्षाने नवा नेता निवडला, ही बातमी वर्तमानपत्रांत बहुधा एकाच साच्यातून उतरते. निवड एकमताने झाली, कार्यकर्त्यांत उत्साह पसरला, फटाके वाजले, पेढे वाटले. निवड वादाची असेल तर उत्साहाच्या जागी 'नाराजी' हा शब्द येतो, आणि चार राजीनाम्यांची यादी जोडली जाते. उत्साह आणि नाराजी या दोन शब्दांत लोकांची प्रतिक्रिया संपली, असे मग आपणही धरून चालतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन ग्रामीण तालुक्यांचा २०१४ पासूनचा अनुभव तपासला, म्हणजे हे गृहीत किती तोकडे आहे ते ध्यानात येते. तेथील लोकांची खरी प्रतिक्रिया निवडीच्या दिवशी दिसत नाही. ती उशिरा येते, मतपेटीतून येते, आणि तोवर तिच्यात इतर इतके हिशेब मिसळलेले असतात की ती वाचणे हे एक कामच होऊन बसते. असे का होते, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांस उलगडून दाखवावयाचे आहे.

प्रथम 'पक्षाने निवडला' या वाक्याचा कर्ता शोधू. पक्ष म्हणजे नेमके कोण? १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाचा नेता ठरवावयाचा होता, तेव्हा यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्यात प्रत्यक्ष मतदान झाले आणि चव्हाण निवडून आले. मत देणारे केवळ विधिमंडळाचे सभासद होते, हे खरे. पण मते पडली, मोजली गेली, आणि कोण जिंकले याबरोबर कोण हरले हेही उघड झाले. २००३ च्या जानेवारीत महाबळेश्वर येथे शिवसेनेने उद्धव ठाकरे यांना कार्याध्यक्ष केले, ते ठरावाने. आणि तो ठराव मांडला होता राज ठाकरे यांनी. पुढे २००६ साली राज ठाकरे यांनीच महाराष्ट्र नवनिर्माण सेना काढली. एकमताच्या ठरावाचे आयुष्य किती असते, याचे हे बोलके उदाहरण होय. २०२२ च्या ऑक्टोबरात काँग्रेसने अध्यक्षपदासाठी निवडणूक घेतली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली. एवढ्या मोठ्या देशात मत देणारे प्रतिनिधी नऊ हजारांच्या घरात होते. २ मे २०२३ रोजी शरद पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा मुंबईच्या यशवंतराव चव्हाण केंद्रात कार्यकर्त्यांनी आक्रोश केला; नव्या अध्यक्षाचा विचार करण्यास नेमलेल्या समितीने राजीनामाच नामंजूर केला, आणि ५ मे रोजी पवारांनी तो मागे घेतला.

चारही प्रसंगांत निवडीची रीत निराळी आहे. परंतु किन्हवलीचा, डोळखांबचा, सरळगावचा वा टोकावड्याचा साधा सभासद यांपैकी एकाही ठिकाणी मत देताना दिसत नाही. त्याच्या वाट्यास येतो तो निर्णय झाल्यानंतरचा फलक. फलकावर कोणाचे छायाचित्र मोठे घ्यावयाचे आणि कोणाचे काढावयाचे, एवढाच निर्णय त्याच्या हाती उरतो. २०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे यांनी शिवसेनेत उठाव केला, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील या फलकांना विलक्षण अर्थ आला. बाळासाहेब ठाकरे आणि आनंद दिघे यांची छायाचित्रे दोन्ही बाजूंच्या फलकांवर होती. वाद होता तो त्यांच्या खालच्या छायाचित्राचा. शहापूर आणि मुरबाड येथे त्या वेळी शिवसेनेचा आमदार नव्हता. आमदार जिकडे गेला तिकडे आपण, ही सोयीची पळवाट तेथील शाखांना मिळाली नाही. प्रत्येकाला स्वतःचे स्वतः ठरवावे लागले.

आता शहापूरकडे वळू. २०१९ च्या ऑक्टोबरात राष्ट्रवादी काँग्रेसच्या आमदारांनी अजित पवार यांना आपला नेता निवडले होते. २३ नोव्हेंबरच्या पहाटे राजभवनात त्यांनी देवेंद्र फडणवीस यांच्यासह शपथ घेतली. त्याच दिवशी पक्षाने त्यांना नेतेपदावरून दूर करून अधिकार जयंत पाटील यांच्याकडे सोपविले. एका दिवसात एका पक्षाचे दोन नेते झाले. इकडे शहापूरचे आमदार दौलत दरोडा यांचा पत्ता लागेना, आणि ते बेपत्ता असल्याची तक्रार शहापूरच्या पोलीस ठाण्यात नोंदविली गेली. दोनतीन दिवसांत ते परतले, आणि २६ नोव्हेंबरला ते सरकारही गेले. लोक या प्रकाराला हसले असतील; पण हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. महिन्यापूर्वीच ज्याला आपण निवडून दिले तो माणूस कोणाच्या नेतृत्वाखाली आहे, हे विचारावयास मतदारसंघापाशी दुसरी जागा नव्हती. पक्षाची तालुका समिती त्याला उत्तर देऊ शकत नव्हती, म्हणून प्रश्न पोलीस ठाण्यात गेला.

याच शहापुरात गेल्या तीन निवडणुकांनी, कोणी मुद्दाम करून पाहावा असा एक प्रयोग आपोआप करून दाखविला आहे. मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. २०१४ साली राष्ट्रवादीचे पांडुरंग बरोरा यांनी शिवसेनेचे दौलत दरोडा यांना हरविले. २०१९ साली दोघांनी पक्षांची अदलाबदल केली: बरोरा शिवसेनेत गेले, दरोडा राष्ट्रवादीत आले, आणि दरोडा सुमारे पंधरा हजार मतांनी निवडून आले. माणसे उलटसुलट झाली, पण घड्याळ दोन्ही वेळा जिंकले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार वेगळे झाले. दरोडा त्यांच्यासह गेले, बरोरा शरद पवारांच्या पक्षात आले. निवडणूक आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षाचे नाव व घड्याळ अजित पवारांच्या बाजूस दिले. शरद पवारांच्या पक्षास तुतारी वाजविणारा माणूस हे चिन्ह मिळाले. २०२४ च्या नोव्हेंबरात तेच दोन उमेदवार पुन्हा समोरासमोर उभे राहिले. घड्याळ पुन्हा जिंकले खरे, पण दोन हजारांहूनही कमी मतांनी.

याचा अर्थ काय? चिन्ह जिंकले असे म्हणावे, तर पंधरा हजारांचे अंतर गेले कोठे? या खेपेस दरोडांच्या मागे महायुतीचे बळ होते आणि राज्यभर त्या युतीची लाट होती, तरीही अंतर घटले. आमच्या मते पक्षाच्या नेतृत्वात झालेल्या बदलाची प्रतिक्रिया या घटीत कोठेतरी आहे. मात्र ती किती आहे हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कारण त्याच मतात उमेदवाराचा राग-लोभ आहे, जातिजमातीचे नाते आहे, युतीचे गणित आहे, आणि सरकारी योजनेचे पैसेही आहेत. लोकांना एकदाच आणि तेही उशिरा विचारले की उत्तर असे सरमिसळ होऊनच मिळावयाचे.

शेजारच्या मुरबाडात चित्र उलटे आहे. किसन कथोरे २००९ साली तेथून राष्ट्रवादीचे आमदार झाले. २०१४ साली ते भारतीय जनता पक्षात गेले आणि निवडून आले. २०१९ व २०२४ सालीही तेच निवडून आले. येथे लोक माणसाबरोबर गेले, चिन्ह मागे राहिले. आणि ज्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात हे दोन्ही तालुके येतात, तेथे २०२४ च्या उन्हाळ्यात तुतारीचे उमेदवार सुरेश म्हात्रे यांनी केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांचा पराभव केला. तर नीलेश सांबरे यांनी कोणत्याही मोठ्या पक्षाचे चिन्ह नसताना अपक्ष म्हणून दोन लाखांहून अधिक मते मिळविली. एकाच मुलखात कोठे चिन्ह चालते, कोठे माणूस चालतो, कोठे दोन्ही बाजूस सारून तिसऱ्यालाच मत पडते. अशा मतदाराला 'अडाणी' वा 'हवेबरोबर वाहणारा' म्हणणे सोपे आहे. तो तसा नाही. त्याचे मोजमाप निराळे आहे.

ते मोजमाप समजावयास पाण्याकडे पाहावे. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते, आणि आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या भातसेचा असतो. त्याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडकरांची रेल्वेची मागणी जुनी. बारवी धरण वाढले तेव्हा विस्थापितांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. काळू धरणाला तर आदिवासींनी विरोध मांडला. अशा मुलखात नव्या नेत्याची बातमी पोहोचते तेव्हा माणूस सहजच विचार करतो, की यामुळे टँकर दोन दिवस आधी येईल काय? दाखल्यासाठी तहसील कचेरीत कोणाची चिठ्ठी चालेल? त्याची शांतता ही उदासीनता नव्हे. जेथे आपल्याला विचारलेच नाही तेथे टाळ्या वा शिव्या कशाला खर्च करा, असा तो हिशेब आहे. मुंबईतल्या माणसाला हा हिशेब ऐकू येत नाही, म्हणून तो फटाक्यांचा आवाज मोजतो.

कायदा तरी त्याला विचारतो काय? पक्ष फुटला म्हणजे खरा पक्ष कोणता हे ठरविण्याचा अधिकार १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाच्या पंधराव्या परिच्छेदाने निवडणूक आयोगास दिला. १९६९ च्या काँग्रेस-फुटीच्या प्रकरणात, सादिक अली खटल्यात, संघटनेत आणि कायदेमंडळात बहुमत कोणाचे ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली मान्य केली. यांतील संघटनेतले बहुमत मोजावयाचे तर संघटनेत खऱ्या निवडणुका झालेल्या असाव्या लागतात. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव व धनुष्यबाण शिंदे यांच्या बाजूस देताना आयोगाने नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले: पदाधिकारी वरून नेमलेले असले तर त्यांच्या डोक्यांची मोजणी कशाचा पुरावा? मग कसोटी उरली ती आमदार-खासदारांच्या संख्येची. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद आणि सभागृहातील नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. हे योग्यच झाले. परंतु तो राजकीय पक्ष म्हणजे कोण, हा मूळ प्रश्न त्यामुळे अधिकच उघडा पडला. शाखेत वर्षानुवर्षे खुर्च्या मांडणाऱ्या माणसाची गणना ना आयोगाच्या तराजूत झाली, ना पक्षाच्या.

सभासदांना मत दिले की सारे आलबेल होते, असे मात्र कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या सभासदांनी २०२२ च्या सप्टेंबरात लिझ ट्रस यांना निवडले. त्यांना दोन महिनेही पंतप्रधानपद टिकविता आले नाही, आणि पुढील नेते ऋषी सुनाक सभासदांच्या मतदानावाचूनच आले. मतदानाने चुका टळत नाहीत. पण चूक कोणाची हे कळते, आणि ती दुरुस्त कोणी करावयाची हेही कळते.

याच प्रश्नावर आपल्या गावात सरकारने तीनदा मत बदलले आहे. २०१७ साली सरपंच थेट लोकांनी निवडावा असे ठरले. २०२० साली ते रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांकडे गेली. २०२२ साली ती परत लोकांकडे आली. थेट निवडीत सरपंच व सदस्य यांचे जुळत नाही, ही तक्रार खोटी नाही. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे: गावाला आपला सरपंच कोणी निवडला हे ठाऊक असते, आणि ग्रामसभेत त्याला उभे करून जाब विचारता येतो. ज्या माणसावर आपण सरपंच निवडण्याचा भरवसा टाकतो, त्यालाच पक्षाचा तालुकाध्यक्ष निवडण्यास अपात्र ठरवावे, हे कोणत्या तर्कात बसते?

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक पक्षाने तालुक्याच्या ठिकाणी सभासदांची खरी यादी लावावी, आणि निदान तालुक्याचा पुढारी तरी त्या यादीने मत देऊन निवडावा. वरचे पुढारी मग त्या पायावर उभे राहतील. असे झाले तर पुढच्या फुटीत मोजावयास काहीतरी सापडेल. आणि लोकांची प्रतिक्रिया पाच वर्षांनी, दहा हिशेबांत मिसळून कळण्याऐवजी वेळेवर आणि स्वच्छ कळेल. तोवर निवडीच्या दिवशीच्या फटाक्यांवरून कोणी लोकमताचा अंदाज बांधू नये. शहापूर-मुरबाडचा माणूस त्या दिवशी बहुधा काहीच बोलणार नाही. आमदाराचा ठावठिकाणा पोलीस ठाण्यात विचारावा लागल्याचे मात्र तो विसरलेला नसेल.