ऑपरेशननंतरचा भ्रम आणि पोटातलं बिऱ्हाड

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा भागातल्या वाड्या-तांडे ओस पडू लागतात. जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, घर राखायला म्हातारी माणसं मागं राहतात. अशातच एखादे आजोबा ओसरीवर घसरतात, खुब्याचं हाड मोडतं. अंबाजोगाईला किंवा बीडला ऑपरेशन नीट पार पडतं, आणि दुसऱ्या रात्री आजोबा सलाईनची नळी उपसतात, जवळच्यांना ओळखत नाहीत, गोठ्यातले बैल सोडायला सांगतात. नातेवाईक म्हणतात, "भूल डोक्यात गेली."

म्हाताऱ्यांचं ऑपरेशननंतर डोकं चालेनासं होतं, हे इंग्लंडच्या बेडफर्ड यांनी 1955 सालीच 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं. 1998 साली साठीपुढच्या बाराशेहून अधिक रुग्णांची तपासणी झाली. आठवड्यानंतर सुमारे चौथ्या हिश्श्याची स्मरणशक्ती आणि एकाग्रता घटलेली दिसली, तीन महिन्यांनी सुमारे दहा टक्क्यांची. पण सगळा दोष भुलीला देणं चूक आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या 1,600 रुग्णांवरची चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. पाठीतल्या इंजेक्शनची भूल असो की पूर्ण भूल, भ्रमाचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं, दर पाचांत एकाला.

मग होतं काय? जखमेमुळं अंगभर दाह उठतो आणि त्याची झळ मेंदूला लागते. या दाहात आतड्यातल्या जिवाणूंचा वाटा किती, हे आता शोधलं जातंय. भाकरी-डाळीतल्या चोथ्यावर हे जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. स्वीडनच्या संशोधकांना 2014 साली असं दिसलं की जिवाणूविरहित उंदरांत रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध गळका असतो. जिवाणू दिले की तो पुन्हा घट्ट होतो. ऑपरेशनच्या वेळी उपास, अँटिबायोटिक, अफूच्या जातीची वेदनाशामकं, बद्धकोष्ठ असे घाव जिवाणूंच्या या बिऱ्हाडावर एकदम पडतात. शिवाय वयानं ते आधीच बदललेलं असतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2012 साली दोन भारतीय कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्यांच्या आतड्यातले जिवाणू तपासून हाच बदल टिपला. माणसं मोजकी होती, पण एकाच घरातली, हे मला मोलाचं वाटतं.

चीनमधल्या एका चाचणीत प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणू, दिलेल्या वृद्धांत ऑपरेशननंतरची बुद्धीची घट कमी आढळली. एवढ्यावरून मेडिकलमधून पुड्या आणून देऊ नका. फार अशक्त रुग्णाच्या रक्तात हेच जिवाणू शिरू शकतात. अँटिबायोटिकही स्वतःहून बंद करायचं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की चहा-बिस्किटावर न ठेवता ताकात कुस्करलेली मऊ भाकरी, वरण, भरपूर पाणी सुरू करा. पोट साफ होतंय का, तेही पाहा.

भ्रम टाळण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र साध्या गोष्टींचा आहे. अमेरिकेतल्या येल इथं 1999 साली 852 वृद्ध रुग्णांवर अभ्यास झाला, तो ऑपरेशनच्या नव्हे, औषधोपचाराच्या वॉर्डात. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवणं, पाणी पाजणं, लवकर चालवणं, रात्री झोपू देणं, दिवस-वार सांगत बोलणं एवढ्यानं भ्रमाचं प्रमाण पंधरा टक्क्यांवरून दहावर आलं. आधीचा विसराळूपणा, दारू, झोपेच्या गोळ्या हे ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगा.

उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या मुलाला कारखान्यावरून लगेच येता येत नाही. अशा घरातल्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन ठरलं, तर भावकीतल्या, शेजारच्या कुणीतरी पहिल्या तीन-चार रात्री त्यांच्या उशाशी बसावं. आवाज ओळखीचा हवा.