तीन राज्ये, एक रेल्वेमार्ग

‘वाहतूक ही देशाच्या अर्थव्यवस्थेची रक्तवाहिनी आहे’ हे वाक्य दरवर्षी उत्तरपत्रिका तपासताना मला निदान शंभर वेळा भेटते. वाक्य चूक नाही, मी गुणही देतो. पण लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी भालकीच्या स्टेशनावर उभी मालगाडी पाहिलेली असते आणि तिचा या वाक्याशी काही संबंध असेल, असे त्यांच्या मनातही येत नाही. त्यांच्या वयात माझ्याही आले नव्हते. मला ते कळले आजोबांच्या लोखंडी पेटीतल्या कागदांवरून.

आजोबांची धान्याची लहानशी अडत होती. पेटीत रेल्वेच्या बिल्ट्या जपून ठेवलेल्या होत्या. नव्या पिढीसाठी सांगतो, माल गाडीत घातला की स्टेशनावर मिळणारी पावती म्हणजे बिल्टी. ती ज्याच्या हाती, त्याला माल. आजोबा तुरीची पोती भालकीला गाडीत घालत आणि बिल्टी हैदराबादला उस्मानगंजच्या अडत्याकडे पाठवत. त्या कागदावर अडत्या काही रक्कम आधीच उचल म्हणून देई. आजोबा त्यातून शेतकऱ्यांचे पैसे चुकते करत आणि शेतकरी सावकाराचे देणे भागवी, नाहीतर पोरीचे लग्न उरकी. माल अजून विकाराबादलाही पोहोचलेला नसे आणि त्याचे पैसे इकडे भालकीच्या बाजारात फिरू लागलेले असत.

पण सगळा माल हैदराबादकडेच का? सोलापूरची पेठ काही फार लांब नव्हती. कारण सोलापूर इंग्रजांच्या मुलखात होते. वाटेत निजामाचा करोडगिरी नाका, तिथे जकात. शिवाय आपल्या खिशात हाली रुपया, पलीकडे कलदार. त्यात १९३०च्या सुमारास विकाराबादहून बिदरकडे रूळ आले, पुढे भालकी, उदगीर करत परळीपर्यंत गेले. माल ज्या दिशेने सोपा जातो, त्याच दिशेने माणसेही जातात. शिक्षणाला हैदराबाद, दवाखान्याला हैदराबाद, लग्नाचा बस्ता बांधायलाही हैदराबाद. काचीगुडा आणि सुलतान बाजारात आजही मराठी कानावर पडते, ते काही उगाच नाही.

हैदराबादेत पहिले रूळ आले १८७४ साली, वाडीहून सिकंदराबादपर्यंत. सालारजंग पहिले तेव्हा दिवाण होते आणि खर्च निजामाच्या तिजोरीतला. आपल्या सगळ्यांच्या घरात असलेली फरशी शहाबादी म्हणवते, ती वाडीजवळच्या शहाबादच्या खाणींवरून. तांदूरची फरशीही त्याच वाडी-सिकंदराबाद मार्गावरची. दगड स्वस्त, पण जड. बैलगाडीने चार गावे ओलांडली की भाडे किमतीच्या वर जाते. रूळ आले तेव्हा तो दगड दूरदूरच्या घरांत पोहोचला. पुढे तोच मार्ग पूर्वेला वाढला, येल्लंदूचा कोळसा त्यावरून निघू लागला आणि त्या कोळशावर पुन्हा गाड्याच चालल्या.

मात्र रेल्वे आली म्हणजे सगळे भलेच झाले, असे मी वर्गात शिकवत नाही. पुढचे रूळ टाकायला लंडनची कंपनी आली आणि तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी निजाम सरकारने दिली. गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, व्याज ठरलेले. ते शेवटी कुणाच्या सारातून जाणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. १८८३ साली चांदा रेल्वेच्या योजनेला विरोध केला म्हणून अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना हैदराबाद सोडावे लागले. सरोजिनी नायडूंचे हे वडील. अखेर १९३० साली सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली.

त्यानंतर दोनच वर्षांनी केलेली एक गोष्ट मला विशेष शहाणपणाची वाटते. १९३२ साली रेल्वेनेच सत्तावीस गाड्या घेऊन बस सुरू केली. इतरत्र मोटारवाले आणि रेल्वे एकमेकांची गिऱ्हाइके पळवत होते, इथे बसने खेड्यातला माणूस स्टेशनापर्यंत आणून सोडायचा, अशी आखणी होती. आज बसस्थानक गावाच्या एका टोकाला, स्टेशन दुसऱ्या टोकाला आणि मधे रिक्षावाल्याशी हुज्जत, हे पाहताना त्या आखणीची आठवण होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य तीन भागांत वाटले गेले. आपला बिदर जिल्हाही तसाच. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, उरलेले आपण म्हैसूरमध्ये. भाषेनुसार राज्ये झाली ते योग्यच झाले, पण रूळ कुणी उचलले नाहीत. आजही जहिराबादहून निघालेली गाडी बिदर, भालकी, कमलनगर करत उदगीरला जाते, तेव्हा ती एका जुन्या जिल्ह्यात फिरत असते आणि तीन राज्ये ओलांडते. आमचा माल, आमचे मामा-मावश्या, सगळे त्या गाडीच्या दोन्ही अंगांना.

याची दुसरी बाजू माझ्या सौभाग्यवतींना विचारावी. त्यांचे माहेर गुलबर्गा, आताचे कलबुर्गी. दोन्ही गावे एकाच राज्यात, पण रूळ हैदराबादच्या सोयीने टाकलेले. रेल्वेने माहेरी जायचे तर बिदरहून विकाराबाद, तिथे गाडी बदलून तांदूर, वाडी आणि मग कलबुर्गी, म्हणजे परराज्यातून दुपटीहून लांबचा वळसा. नाहीतर हुमनाबादमार्गे धक्के खात बस. बिदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला आणि त्याचे उद्घाटन व्हायला २९ ऑक्टोबर २०१७ उजाडले. त्या मार्गाने पहिल्यांदा गेलो, तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या, “ऊटा आतेन्री?” आणि ऊट झालेले नाही, हे कळल्यावर खूश झाल्या. जेवणाच्या वेळेला जावई पोहोचला, हे त्या घरात नवीनच होते.

आता हिशोब आणखी गमतीचा झाला आहे. २०२३ साली मार्चमध्ये महाराष्ट्राने एसटीत बायकांना अर्धे तिकीट केले, जूनमध्ये कर्नाटकाने आणि डिसेंबरमध्ये तेलंगणाने आपापल्या महिलांना बस मोफत केली. प्रत्येक सवलत आपल्या हद्दीपुरती. गेल्या दिवाळीनंतर उदगीरच्या आत्यांना डोळे दाखवायला हैदराबादला न्यायचे होते. मी म्हटले, “आत्या, सरळ रेल्वेनं जाऊ.”

“रेल्वेत म्हाताऱ्यांना सवलत होती, ती २०२० ला गेली की रे बाबा,” आत्या म्हणाल्या. मग फोनवरच त्यांनी कुठली बस कुठे सोडायची आणि कुठे कुठली धरायची, याचा सगळा हिशोब मला मांडून दाखवला. तिकिटाचे पैसे खरोखरच कमी होत होते. मधे चहा किती वेळा प्यावा लागेल, ते तेवढे त्यांनी धरले नव्हते.

शेवटी गाडीनेच गेलो. आत्या खिडकीशी बसल्या आणि जहिराबाद येईपर्यंत प्रत्येक स्टेशनावर आपले कोण कोण राहते, ते सांगत होत्या.