पिस्तूल लहान असलं म्हणून सोपं नसतं

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, मनू भाकरने पिस्तुलात दोन पदकं मिळवली, आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारख्या ठिकाणीही, जिथे विद्यापीठ आणि अभियांत्रिकी संस्थेमुळे तरुण पोरं भरपूर, नेमबाजीची ओढ वाढली. नांदेडला शस्त्राचं अप्रूप जुनंच आहे. सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात शस्त्रांचं दर्शन घ्यायला लोक दुरून येतात. पण पिस्तुलाबद्दलची आपली माहिती बहुतेक सिनेमातून आलेली असते, आणि रेंजवर पहिल्या दहा गोळ्यांतच ती उघडी पडते.

सर्वांत घट्ट बसलेला समज असा, की पिस्तूल जितकं लहान आणि हलकं, तितकं नवशिक्याला सोपं. आपल्याकडे सरकारी कारखान्यांनी बनवलेली छोटी रिव्हॉल्व्हरं याच भरवशावर लोकांच्या मनात भरली. कानपूरहून २०१४ मध्ये आलेलं .३२ चं ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमचं आणि तेव्हा सव्वा लाखाच्या आतबाहेरचं; .२२ चं ‘निडर’ तर अवघं २५० ग्रॅमचं. पर्समध्ये मावतं, हातात छान बसतं. मग चालवायलाही सोपंच असणार, असं वाटतं.

प्रत्यक्षात उलट घडतं, आणि त्याचं कारण पहिल्या वर्षाच्या पदार्थविज्ञानात आहे. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे ढकलतो. गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर ते दुप्पट वेगाने मागे येतं. हलकेपणाचा फायदा खिशाला होतो, मनगटाला नाही. स्पर्धेतलं पिस्तूल म्हणूनच वजनदार असतं: एअर पिस्तुलाला नियमाने दीड किलोपर्यंत मुभा आहे, २५ मीटरच्या पिस्तुलाला १४०० ग्रॅमपर्यंत.

दुसरी अडचण लांबीची. नेम धरण्यासाठीची मागची साईट आणि पुढची साईट यांत अंतर जितकं कमी, तितकी हाताची चूक मोठी होऊन कागदावर उमटते. हे अंतर १५० मिलिमीटर असेल आणि पुढची साईट एकच मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी जवळपास ६७ मिलिमीटर भरकटते. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि सगळा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा, म्हणजे ती गोळी काळ्याच्या पार बाहेर गेली. दोन्ही साईटमधलं अंतर दुप्पट करा, हीच चूक निम्मी होते. त्यात छोट्या रिव्हॉल्व्हरचा घोडा चापानेच मागे न्यायचा असला, तर चाप जड लागतो, बोट ताणतं आणि नळी खाली झुकते. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा चाप ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा, २५ मीटरच्या पिस्तुलाचा ओढायला १००० ग्रॅमचा, असा नियम आहे. बहुतेक खेळाडू त्या मर्यादेच्या जरा वरच ठेवतात.

नवशिक्याची गोळी खाली गेली की तो साईटला दोष देतो. खरा दोष बहुधा दचकण्याचा असतो. आवाज आणि धक्का येणार हे ठाऊक असल्याने, चाप सुटण्याच्या क्षणभर आधीच मनगट पुढे ढकललं जातं. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या मग खाली डावीकडे जमू लागतात. प्रशिक्षक यावर एक साधी युक्ती करतात. त्याला न सांगता खऱ्या काडतुसांत एखादं निकामी काडतूस मिसळतात. चाप ओढल्यावर काहीच उडत नाही, पण नळी मात्र झुकलेली दिसते. ते एकदा पाहिलं की माणूस पिस्तुलाची तक्रार सोडून हाताकडे लक्ष देऊ लागतो, आणि शिकणं तिथूनच सुरू होतं असं मला ठामपणे वाटतं.

नजर लक्ष्यावर रोखायची, हाही असाच एक समज. नजर पुढच्या साईटवर ठेवायची असते. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. उभं राहण्याबद्दलही असाच गैरसमज होतो: तुर्कियेचा नेमबाज युसूफ दिकेच पॅरिसला एक हात खिशात घालून उभा राहिला, तो फोटो जगभर फिरला आणि त्याला बेफिकीर ठरवलं गेलं. एअर पिस्तूल एकाच हाताने चालवायचं असतं. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवला की खांदा स्थिर राहतो. त्याने कानात बोळेही घातलेले होते.

मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा गैरसमज मात्र जिवावर बेततो. मॅगझिन बाहेर काढलं तरी एक काडतूस नळीच्या मागच्या घरात बसलेलं असू शकतं. ते घर उघडून डोळ्यांनी पाहावं लागतं. रेंजवर रिकाम्या शस्त्रात रंगीत सेफ्टी फ्लॅग घालून ठेवायला लावतात तो यासाठीच.

२०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ रिव्हॉल्व्हरचा पल्ला ५० मीटर आहे, अशा बातम्या होत्या. त्याचा अर्थ नेम तिथवर धरता येतो इतकाच; गोळी ५० मीटरवर थांबत नाही. साध्या .२२ ची गोळीही दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. म्हणून विष्णुपुरी जलाशयाच्या काठावर किंवा शेतात बाटल्या मांडून सराव करण्याची कल्पना भयंकर आहे. पाण्यावरून आणि दगडावरून गोळी उसळी घेते, आणि पुढे कोण आहे हे तिला कळत नाही. रेंजच्या मागे मातीचा उंच बांध असतो तो गोळी गिळण्यासाठी. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळीही कुठेतरी खाली येतेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘स्वस्त’ म्हणून गावठी कट्ट्याकडे पाहणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. त्याच्या नळीच्या पोलादाची कुणी परीक्षा घेतलेली नसते. काडतूस पुढे जाण्याऐवजी हातातच फुटू शकतं. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल किमान दोन वर्षांची शिक्षा कायद्यात आहे, आणि विशीतल्या मुलाची नोकरी, पासपोर्ट, सगळंच त्यात अडकतं.

परवान्यासाठी वय किमान २१ लागतं. पण खेळाला इतकं थांबायची गरज नाही. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. त्याला धक्का नगण्य, आवाज कमी, आणि छर्रा काही पैशांचा नाही तरी काही रुपयांचाच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, तेही बरोबरी सुटेना म्हणून दोनदा शूट-ऑफ खेळून. तसा स्थिर हात १० मीटरच्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या समोर, आधी छऱ्याशिवाय शेकडो वेळा चाप ओढून घडवता येतो. डोळ्यांवर चष्मा आणि काडतुसांची शस्त्रं चालू असलेल्या रेंजवर कानांवर संरक्षक हवेतच. छऱ्यांत शिसं असतं, त्यामुळे सराव संपला की जेवणाच्या डब्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे.