छर्‍याची बंदूक, घरच्या घरी (भाग ५) : झणझण कुठून येते?

मागच्या हप्त्यात क्लॅम्पचा स्क्रू धीराने उलटा फिरवत आपण स्प्रिंग सैल केली. या सगळ्या कामातली खरी धोक्याची जागा तीच, आणि ती आता मागे पडली. जुन्या वर्तमानपत्रावर सुटे भाग मांडलेले आहेत : पिस्टन, स्प्रिंग, तिच्या पोटात जाणारा गाईड, दोन-तीन वॉशर. बंदूक डायाना ३५ च्या घराण्यातली असेल तर ट्रिगरमधून निघालेल्या तीन पोलादी गोळ्याही असतील. त्या आधी वाटीत टाका आणि वाटीवर झाकण ठेवा. बाकी सगळं जमून आलेलं असताना कपाटाखाली गेलेल्या एका गोळीपायी काम खोळंबतं.

भाग असे समोर आले की पहिला प्रश्न हमखास येतो. यात जाड तारेची, लांब स्प्रिंग टाकली तर ताकद किती वाढेल? माझं उत्तर ठरलेलं आहे : वाढवूच नका. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटर वेगाने निघाला की १० जूल ऊर्जा झाली. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला याहून कितीतरी कमी पुरते. शिवाय आपल्याकडच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलिमीटरची नळी आणि २० जूल अशी रेघ आखलेली आहे. तिच्या पलीकडे गेलात की हवेची बंदूकही परवान्याच्या कक्षेत जाते. (आणि रेघेच्या अलीकडे असलात तरी पारव्या-पोपटांवर नेम धरायची मुभा मिळत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा छर्‍याच्या बंदुकीलाही लागू आहे.)

जर्मनीत विनापरवाना बंदुकीला ७.५ जूलची मर्यादा आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पौंडांची, म्हणजे सोळा जूलच्या आसपास. ब्रिटनमधल्या गॅरेजांत स्प्रिंगच्या बंदुका सुधारण्याची जी कला वाढली, तिचं श्रेय मी तरी या मर्यादेलाच देतो. ताकद वाढवण्याचा रस्ता कायद्याने बंद केला, तेव्हा हौशी माणसं बंदुकीचा धक्का, आवाज आणि थरथर यांच्या मागे लागली. आणि नेम सुधारतो तो तिथेच.

कसा, ते पाहू. चाप ओढला की पाव किलोच्या आसपास वजनाचा पिस्टन स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावतो, त्यामुळे बंदूक मागे सरकते. समोरची हवा दबत जाते, जेमतेम तीन मिलिमीटरच्या भोकातून नळीत घुसते आणि छर्‍याला ढकलते. तेवढ्यात त्या दबलेल्या हवेच्या उशीवर पिस्टन अडतो, आणि आता बंदूक पुढे ओढली जाते. पिस्टन थोडा मागे उसळतो, पुन्हा पुढे येतो. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशोबात घडतं आणि त्यातला बराचसा भाग छर्रा नळीत असतानाच उरकतो. दारूच्या रायफलला हा दुहेरी हिसका नसतो. म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या बंदुकीवर चढवली की थोड्याच दिवसांत आतून खिळखिळी होऊ शकते. जास्त ताकदीची स्प्रिंग म्हणजे हा हिसका आणखी मोठा. पिस्टन उशीवर टेकण्याऐवजी थेट आपटायला लागला की सील फाटतं, स्प्रिंग तुटते. छर्रा न घालता रिकामी बंदूक उडवायची नसते तेही यासाठीच. छर्‍याचा अडथळा नसला की हवा अडत नाही आणि उशी तयारच होत नाही.

आता झणझण. चाप ओढल्यावर कानाशी ‘टण्ण’ असा आवाज येऊन दस्त्यातून गालाला मुंग्या येतात, ती ही. स्प्रिंग थांबली तरी तिची वेटोळी थरथरत राहतात; आतून गाईडवर आणि बाहेरून पिस्टनच्या भिंतीवर आपटतात. कारखान्यातून आलेल्या बऱ्याच स्वस्त बंदुकांत गाईड पातळ पत्र्याचा असतो आणि स्प्रिंगच्या पोटात इतका सैल, की स्प्रिंग उभी धरली तर आपल्या वजनानेच खाली पडावा.

इलाज साधा आहे. व्हर्नियरने स्प्रिंगचा आतला व्यास मोजा आणि एखाद्या टर्नरकडून डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकचा गाईड लेथवर करून घ्या. ओळखीचा लेथवाला असेल तर हे अर्ध्या तासाचं काम. मात्र माप नीट समजावून सांगा. गाईड स्प्रिंगमध्ये सहज सरकता कामा नये. थोडा जोर लावून, पिळत पिळत आत जायला हवा. टर्नर म्हणेल, ‘साहेब, जाम होईल.’ होत नाही. स्प्रिंग दाबली की तिचा व्यास किंचित वाढतो, त्यामुळे मोकळ्या अवस्थेत घट्ट बसलेला गाईड ताणलेल्या बंदुकीत हवा तेवढाच सैल होतो. पिस्टनच्या बाजूलाही टोपीच्या आकाराचा छोटा तुकडा बसवता येतो, म्हणजे स्प्रिंग दोन्ही टोकांना मध्यावर धरली जाते.

गाईड करून घ्यायच्या आधी स्प्रिंग ठेवण्यालायक आहे का ते बघा. टेबलावरच्या काचेवर ती आडवी ठेवून बोटाने लोटा. सरळ असेल तर घरंगळत जाईल, वाकलेली असेल तर अडखळत लंगडेल. वाकलेली स्प्रिंग सरळ करायच्या फंदात पडू नका, नवी आणा. बंदूक ताणून तशीच रात्रभर ठेवायची सवय असेल तर स्प्रिंग बसलेलीही असेल, म्हणजे तिची मूळ लांबी कमी झालेली असेल. स्प्रिंगची दोन्ही टोकं बोटाने चाचपा. तारेचं कापलेलं टोक धारदार लागलं तर बारीक तेलदगडावर ते गुळगुळीत करा. स्प्रिंग उलगडताना नुसती लांब होत नाही, थोडी गोलही फिरते. खरबरीत टोक प्रत्येक वेळी समोरच्या धातूला खरवडत जातं. टोकाशी चकचकीत घासलेला एक पोलादी वॉशर ठेवला तर तिला फिरायला जागा मिळते.

पिस्टनच्या तोंडावरचं सील हा खरा जीव. नव्या बंदुकांत ते सिंथेटिक असतं, कडेला पातळ ओठ असलेलं. हवेचा दाब आला की ओठ पसरून सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो. माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या बंदुकीत बहुधा चामडं निघेल. (वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये काढलेल्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीने एके काळी हवेच्या बंदुका केल्या होत्या, हे आजच्या पिढीला खरं वाटत नाही. सिमेंटच्या नळांपासून बंदुकीच्या नळीपर्यंत!) या चामड्याचं वागणं समजून घ्यायला फार लांब जायला नको. पंपाच्या रॉकेल स्टोव्हमधला चामडी वॉशर ज्यांनी पाहिलाय त्यांना ते ठाऊक आहे : उन्हाळ्यात वॉशर सुकला की पंप मारूनही हवा भरत नाही, आणि तेलाचे दोन थेंब पाजून वाटीचा काठ बोटाने थोडा फाकवला की लगेच दाब धरतो. बंदुकीतलं चामडंही असंच तेलात मुरवावं, रात्रभर ठेवावं, मग निथळून पुसून बसवावं. सुकलं असलं तरी फाटलेलं नसेल तर ते बदलण्याची घाई करू नका. तेल पिऊन उठणारं चामडं मी नव्या सिंथेटिक सीलइतकंच मानतो.

सिंथेटिक सीलला तेल पाजायचं नसतं. तिथे प्रश्न मापाचा. स्प्रिंग न घालता नुसता पिस्टन सिलिंडरमध्ये सोडा. अंगठ्याच्या बेताच्या दाबाने तो आत जायला हवा. आपोआप घरंगळला तर सील झिजलंय. तळहाताने रेटावा लागला तर घट्ट आहे. अशा वेळी पिस्टन ड्रिलमध्ये धरून सावकाश फिरवतात आणि सीलच्या कडेला बारीक पॉलिश पेपर लावून केसभर कमी करतात. घासायचं, पुसायचं, घालून बघायचं, परत घासायचं. मापात आलं की समोरच्या भोकावर बोट दाबून पिस्टन आत ढकला आणि सोडा. हवेच्या जोराने तो परत मागे यायला हवा.

पण सील बसवायच्या आधी सिलिंडरच्या खाचा बघा, नाहीतर वरची सगळी मेहनत पहिल्याच फटक्यात वाया जाते. बंदूक ताणणारा दांडा जिथून आत जातो त्या लांब खाचेच्या कडा कारखान्यात बहुधा जशा कापल्या तशाच सोडलेल्या असतात. करंगळी हलकेच फिरवा (हलकेच, कारण बोट कापतं), धार लागेल. नवं सील या कडेवरून आत जाताना त्याच्या ओठाची बारीक काळी साल सोलून निघते. नुसत्या डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी, पण तेवढ्या फटीतून दाब निसटतो. अर्धगोल बारीक कानस आणि मग पॉलिश पेपर घेऊन या कडा मोडा. लोखंडाचा कीस रॉकेलने धुऊन काढा आणि सिलिंडर फडक्याने कोरडा करा. शेवटी सील आत सरकवताना खाचेवर जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी गुंडाळून आतून धरा.

आता वंगण. घरच्या बंदुका सर्वांत जास्त बिघडतात त्या प्रेमापोटी घातलेल्या तेलाने. दबलेली हवा क्षणभर काहीशे अंशांपर्यंत तापते. सीलच्या पुढे शिवणाचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे गेला असेल तर तो पेटतो. डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवतात तेच इथे नकळत घडतं. बंदूक फटाक्यासारखी वाजते, नळीतून धूर येतो, आणि माणूस खूश होतो की बंदूक ताकदवान झाली. सील आणि स्प्रिंग दोन्ही अशाने लवकर जातात.

थोडंफार जळणं मात्र प्रत्येक बंदुकीत होतच असतं. ब्रिटनमधल्या कार्ड्यू आडनावाच्या दोघांनी स्प्रिंगच्या बंदुकीवर बारकाईने प्रयोग केले. त्यातला एक गमतीचा : बंदूक नायट्रोजनमध्ये उडवून पाहिली. ऑक्सिजन नाही, म्हणजे जळणं नाही. छर्‍याचा वेग लक्षणीय उतरला. याचा अर्थ धडधाकट बंदुकीतही वंगणाचा सूक्ष्म अंश जळून छर्‍याला हातभार लावत असतो. तो अंश सूक्ष्म राहील हे बघणं आपलं काम.

म्हणून पिस्टनच्या अंगाला आणि सीलच्या कडेला मॉलिब्डेनमची पेस्ट, ज्याला सगळे मॉली म्हणतात. ती माखायची नसते. बोटाने चोळायची आणि फडक्याने पुसून टाकायची; धातूवर करडी झाक राहिली की पुरे. सीलच्या तोंडावर काहीही नको. स्पेअर पार्टच्या दुकानात सीव्ही जॉइंटचं काळं ग्रीस ‘मॉलीच आहे हो’ म्हणून देतात. त्यात मॉली थोडं आणि बाकी पेट्रोलियम असतं. ताणणाऱ्या दांड्याच्या बिजागरीला ते चालेल, सिलिंडरमध्ये नाही. स्प्रिंगसाठी निराळं, डांबरासारखं चिकट ग्रीस मिळतं. वेटोळ्यांवर त्याचा पातळ थर दिला की थरथर दबते. गाईड सैलच ठेवून नुसतं हे ग्रीस थापण्याचा सोपा मार्ग बरेच जण घेतात. आवाज जातो हे खरं, पण थर जाड झाला की स्प्रिंगच सुस्तावते, आणि डिसेंबरातल्या थंड सकाळी जास्तच. आधी गाईड, मग ग्रीस.

जोडणी म्हणजे मागच्या हप्त्यातल्या पायऱ्या उलट्या क्रमाने. डायानाच्या त्या तीन गोळ्या आपल्या जागी राहत नाहीत. प्रत्येक खळग्यात ग्रीसचा ठिपका ठेवून त्यावर गोळी चिकटवा, मगच नळकांडं सरकवा. दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू आणि ट्रिगर-गार्डचा स्क्रू नीट आवळा. नेम बिघडला म्हणून आणलेल्या बंदुकांपैकी कित्येकींचं दुखणं या तीन स्क्रूंपलीकडे नसतं. सैल होतच राहत असतील तर निळ्या रंगाचं थ्रेडलॉक लावा. लाल नको, ते परत सुटणार नाही. दस्ता लाकडी असेल तर पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर स्क्रू पुन्हा तपासा, लाकूड फुगतं आणि आक्रसतं.

नळी मोडून भरायच्या बंदुकीत नळीच्या बुडाशी आणखी एक छोटं सील असतं. बंदूक बंद करून त्या जोडावर टिशू पेपरची चिंधी ठेवा, बंदुकीत छर्रा घाला आणि सुरक्षित दिशेला उडवा. चिंधी उडाली तर तिथून हवा गळतेय. हे सील स्वस्त असतं, पाच मिनिटांत बदलतं.

नव्याने जोडलेली बंदूक पहिल्या दिवशी जोखू नका. सुरुवातीचे वीस-तीस छर्रे धूर, थोडा वास आणि कमी-जास्त वेग असं चालायचंच. जिथे नको तिथे राहिलेलं वंगण जळून जात असतं. वेगमापक असेल तर त्यानंतरचे सलग दहा छर्रे मोजा. सर्वांत मोठा आकडा कोणता हे बघण्यापेक्षा दहा आकड्यांत अंतर किती आहे ते बघा. वेगमापक नसेल तर दहा मीटरवर कागद लावा, दस्त्याचा पुढचा भाग मुठीत न आवळता उघड्या तळव्यावर नुसता टेकवा आणि पाच-पाचच्या टोळक्यांनी मारा. हा सैल तळवा का, आणि माशी व दुर्बीण यांची जुळणी कशी करायची, ते पुढच्या हप्त्यात.